आदिनाथ आणि सीलबंद कॅसेट

आदिनाथ पहिल्यांदा माझ्या लक्षात राहिला तो इस्त्रीमुळे. कोपरगावच्या शाळेत बदलून आले, त्या वर्षी त्याच्या दुकानात इस्त्री घ्यायला गेले होते. शाळा भरायची वेळ झालेली, आणि हा गृहस्थ इस्त्री तापायची वाट बघत उभा! तापल्यावर त्यानं खिशातला रुमाल काढून त्यावर फिरवली, घडी निरखली आणि मगच खोकं माझ्या हातात दिलं.

"बघितल्याबिगर आपल्या दुकानातनं काय जात न्हाई, बाई."

बल्ब असो, मिक्सर असो, की टीव्हीवर खेळायच्या गेमची कॅसेट. विकताना तो आधी लावून बघे. घाईची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जात. त्याचं त्याला काही वाटत नसे.

मागच्या वर्षी मालकानं त्याचा गाळा विकायला काढला. आधी आदिनाथलाच विचारलं, पण पैसे पुरे पडेनात. त्याच सुमारास पुण्याहून ओम नावाचा तरुण जुन्या व्हिडिओ गेमच्या शोधात आला. मी मिक्सर दुरुस्तीला घेऊन तिथंच बसले होते. वरच्या फळीवर एक परदेशी कॅसेट कारखान्याच्या प्लास्टिकसकट पडून होती. महाग म्हणून इतकी वर्षं कुणी घेतलीच नव्हती. ओमनं ती पाहिली आणि लगेच खाली काढायला लावली. त्यानं सांगितलेल्या किमतीत गाळा सहज आला असता.

गल्ल्यावर बसलेली आदिनाथची बायको रेश्मा ताडकन उभी राहिली. आदिनाथनं मात्र सवयीनं खणातून कटर काढला.

"काका, नको! उघडली की संपलं!"

"मग चालती का न्हाई, कसं कळनार?"

"कुणी चालवणारच नाही. मी पुढं ज्याला विकणार, तोही बंदच ठेवणार."

"आन भाव कोन ठरवतं?"

ओम हसला. "आम्हीच. थोडीच माणसं आहोत. मी त्याच्याकडून घेतो, तो माझ्याकडून. दर वेळी थोडा वर."

"अहो, त्याला बंदच पायजे," रेश्मा म्हणाली. "तुमचाच हात का शिवशिवतोय?"

"अगं, याच मालात एक डबा रिकामा निघाला हुता. ह्यो बी तसाच असला तर?"

"ते मला सांगूच नका," ओम म्हणाला. "मी विकताना फक्त लिहिणार, मूळ दुकानदार आदिनाथ, कोपरगाव. त्या नावामुळंच तर भाव येतो."

"माझं नाव लिवनार व्हय? मग बघूनच जाईल."

आणि त्यानं प्लास्टिक कापलं.

रेश्मा आत निघून गेली. आदिनाथनं कॅसेट दुकानातल्या जुन्या मशीनला लावली. टीव्हीवर रंगीत चित्र उमटलं, वाजंत्री सुरू झाली.

"चालती की!" त्याला खरंच आनंद झाला होता. "घ्या. माल आला तवाचाच भाव, वर महिन्याची गॅरंटी."

ओम कॅसेट न घेताच निघून गेला.

पुढं बाजारात टवाळी सुरू झाली. "काय आदिनाथशेठ, नारळ बी फोडून बघून विकता का?" हाही हसायचा. रेश्मानं बरेच दिवस अबोला धरला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "राग हाय, बाई. लई राग हाय. माहेरी सांगितलं, तर भाऊ म्हनतो, आता विहिरीवरची मोटर दाजींकडूनच घेनार. घ्या! त्यालाबी ह्येच पटतं." बोलता बोलता तिला हसू आलं.

नियम मी जन्मभर मुलांना शिकवले. झळ लागेपर्यंत ते पुष्कळ जण पाळतात. आदिनाथला पुरती झळ लागली, आणि त्याचा त्याला पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही. ती कॅसेट मात्र कुणी घेतली नाही.

गाळा गेला. हल्ली आदिनाथ आणि रेश्मा बसस्थानकामागच्या पत्र्याच्या खोलीत दुकान चालवतात. गुरुवारी बंद असतं.