विचारीन, पण हात ठेवीन

मंजूषा सबनीस मिरजेची, आणि मिरजेच्या माणसाला डॉक्टरकीचं कौतुक सांगायला जाऊ नये. तिचा स्वतःचा दवाखाना होता. बाहेर दोन बाकं, बाकांवर आसपासच्या खेड्यांतून आलेली, गाल सुजलेली माणसं. नऊ वर्षं तिनं दात काढले, दात बसवले आणि नाकावर माशी बसू दिली नाही. इंजेक्शनच्या आधी डावा हात पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा, ‘झालंच हं, आजी’ म्हणायचं, आणि आजीनं डोळे मिटेपर्यंत सुई बाहेर. हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवतात, त्यात शिकवायचं काय?

दोन हजार चार साली तिच्या नवऱ्याला, रविकांतला, हॉलंडमध्ये नोकरी लागली आणि बिऱ्हाड नीउ-व्हेनेपला आलं. तिथं कळलं की तिची डिग्री इथे चालत नाही. आधी डच भाषेची परीक्षा, मग विषयाची, मग प्रत्यक्ष पेशंटवर काम, आणि शेवटी एक समिती ठरवणार की या बाई डेंटिस्ट आहेत की नाहीत. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या गणपतीत भेटलेल्या जयंतीनं मायेनं सल्ला दिला, कशाला डोकेफोड करतेस, सरळ डबे सुरू कर, तुझ्या हाताला चव आहे. मंजूषा म्हणाली, चव आहे, पण ती माझ्या घरच्यांसाठी. जयंतीला राग आला. येईना का. आरती झाल्यावर त्याच जयंतीनं तिला कोपऱ्यात नेऊन आ वासला आणि दाढ बघायला लावली, हेही सांगायला हवं.

अभ्यास करता करता ती हेंक नावाच्या म्हाताऱ्या डेंटिस्टकडे मदतनीस म्हणून लागली. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची नळी धरायची, सिमेंट कालवायचं, खुर्ची पुसायची. ज्या हातांनी अक्कलदाढा उपटल्या त्याच हातांत आता नळी! घरी येऊन दातओठ खायची, पण दुसऱ्या दिवशी सायकल काढून वेळेवर हजर. ते म्हणायचे, मला नुसतं हेंक म्हण, इथे सगळे तसंच म्हणतात. सत्तरीच्या माणसाला नावानं हाक मारायला हिची जीभ रेटेना. शेवटी ती हेंककाका म्हणू लागली, आणि अर्थ कळल्यावर म्हातारा खूश झाला.

काकांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, एक फोटो होता. पांढऱ्या सुटातला तरणाबांड गोरा माणूस, शेजारी दाताच्या डॉक्टरची खुर्ची, मागे आंब्याचं झाड. हे काकांचे वडील. जावा बेटावर डचांचं राज्य होतं तेव्हा बोटीत बसून सुराबायाला गेले आणि उतरल्यावर आठवड्याभरात पाटी लावून मोकळे झाले. दिवसा साखर कारखान्यांचे गोरे साहेब यायचे, संध्याकाळी मागच्या दारानं तिथली माणसं. तिथली भाषा ते पेशंटकडूनच शिकले, तीही आधी ‘तोंड उघड’ आणि ‘रडू नको’ एवढीच. पुढे युद्धात जपान्यांनी त्यांना छावणीत कोंडलं. सुटल्यावर हात हलवत परत आले, आणि मरेपर्यंत कुरकुरत राहिले की या देशात ऊन नाही आणि जेवणात तिखट नाही. काका हे सगळं रंगवून सांगायचे. एकदा मंजूषानं विचारलं, तिथे त्यांची परीक्षा कुणी घेतली होती? काका हसले आणि म्हणाले, तिथे कोण घेणार? मग त्यांचं हसू ओसरलं आणि ते हात धुवायला गेले.

भाषेत ती पास झाली, विषयातही झाली. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी खुर्चीत एक आडदांड तरुण बसला होता, सुई बघून पांढराफटक पडलेला. मंजूषाचा डावा हात सवयीनं उठला आणि त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. काम सुरेख झालं. पण परीक्षकांनी शेरा मारला की पेशंटला न विचारता स्पर्श केला, डॉक्टरनं राखायचं अंतर राखलं नाही, तरी दोन वर्षं विद्यापीठात पुन्हा शिकावं. म्हणजे चाळिशीला टेकलेल्या बाईनं पोरासोरांत जाऊन बसायचं, का, तर एका घाबरलेल्या माणसाला धीर दिला म्हणून! आणि रविकांतची इथली नोकरीही जेमतेम तेवढीच उरली होती. दोन वर्षं शिकायचं आणि पाटी न लावताच घरी परतायचं, असा तो हिशेब होता.

तिनं हरकत घेतली आणि समितीनं बोलावलं. रविकांतनं रात्रभर समजावलं की चूक झाली म्हण, मान डोलव आणि ये, अडला हरी गाढवाचे पाय धरी. ती म्हणाली, मी अडलेली नाही, मला अडवलंय. हेंककाकांनीही नमतं घ्यायला सांगितलं. मात्र सोबत आले.

समितीत तिघंजण होते, फार सभ्य. कॉफी दिली, बरोबर एकच बिस्किट. मधल्या बाईंनी विचारलं की चूक मान्य आहे का.

“विचारलं नाही, ते चुकलं,” मंजूषा म्हणाली. “हात ठेवला, ते चुकलं नाही.”

बाई शांतपणे म्हणाल्या की ज्या देशात काम करायचं, त्या देशाची रीत आधी शिकावी लागते, हत्यारं मग. झालं! मंजूषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“या काकांचे वडील सुराबायाला गेले,” ती म्हणाली. “आठवड्यात पाटी लावली. भाषा पेशंटच्या तोंडातून शिकले. त्यांना तिथे कुणी दोन वर्षं बसवलं होतं? मी तुमची भाषा शिकून आलेय, तुमच्या परीक्षा देऊन आलेय. राहिलं काय, तर विचारणं. त्याला दोन वर्षं नाही लागत, एक वाक्य लागतं. इथून पुढे विचारीन, पण हात ठेवीन.”

काकांचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला वाटलं, गेलं, पाटी गेली आणि काकाही गेले. तेवढ्यात म्हातारा खुर्चीच्या हाताला धरून उठला.

“ती बोलली ते खरं आहे,” काका म्हणाले. “वडील माझेच आहेत. हिला सहा महिने माझ्या देखरेखीखाली काम करू द्या, मी जबाबदार.”

पुढच्या आठवड्यात समितीचं उत्तर आलं. सहा महिने काकांच्या देखरेखीखाली, आणि दर वेळी पेशंटला विचारायचं. रविकांतनं पेढे केले, जयंतीही आली. सहा महिन्यांनी काकांच्या पाटीखाली मंजूषाची पाटी लागली.

पाटी लागली त्या सकाळी पहिले पेशंट म्हणून हेंककाकाच खुर्चीत बसले. कित्येक वर्षं टाळलेली दाढ होती. जन्मभर लोकांना सुया टोचलेला माणूस, पण खुर्चीचे हात असे घट्ट धरलेले की बोटं पांढरी पडली होती.

“काका, डोक्यावर हात ठेवू?” मंजूषानं विचारलं.

काकांनी दारातून दिसणाऱ्या त्या फोटोकडे पाहिलं. “त्यांनी तिकडे कुणालाच काही विचारलं नसेल,” ते म्हणाले.

“मी तुम्हाला विचारतेय.”

त्यांनी डोळे मिटले. “ठेव,” म्हणाले.

तिनं हात ठेवला. “झालंच हं, काका,” ती म्हणाली, अगदी मिरजेच्या मराठीत.