नऊ वर्षांचं तात्पुरतं

मिनेसोटातल्या एका गावच्या ग्रंथालयाचं नेटवर्क व्हर्लिन टॉलफसन वीस वर्षं सांभाळत होता. काउंटरवरच्या मार्लिसचा कॉम्प्युटर रखडला, की तो वाचकांदेखत म्हणायचा, "मशीनला काही धाड भरलेली नाही, मार्लिस. तुझीच बोटं जड आहेत."

आज सगळे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारा जुना स्विच काढून नवा बसवायचा होता. वायरी सोडवताना मार्लिसच्या वायरीवर पिवळी पट्टी दिसली: 'वेग कमी ठेवलाय. तात्पुरतं.' खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख, आणि अक्षर त्याचंच. कसली तरी चाचणी करून वेग पुन्हा वाढवायला तो साफ विसरला होता. पट्टी ओरबाडून त्याने खिशात कोंबली.

नवा स्विच लागताच मार्लिसचा कॉम्प्युटर पळू लागला. ती रूबार्बच्या आंबट देठांपासून घरी केलेल्या वड्यांचा डबा घेऊन धावत आली.

"देवमाणूस आहेस रे! मी आपली स्वतःलाच मठ्ठ समजत होते. त्यापायी बढतीसुद्धा नाकारली, आठवतंय ना?"

व्हर्लिनने वडी तोंडात घातली, बराच वेळ घोळवली आणि गिळली. तोंड मोकळं झालं, तेव्हा त्यातून एवढंच निघालं, "जुना स्विचच नालायक होता गं."