दोन बोटं कमी

बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्यावर रुपीबाईचा अर्क सगळ्यांना ठाऊक होता. सावलीत वाळवलेली अडुळशाची पानं ती मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूत चाळीस दिवस भिजवी, गाळी, दोन बाटल्या गळ्यापर्यंत भरी आणि बुचावर मेण लावी. सासूनं, तानाबाईनं, शिकवलं होतं: अर्काला ऊन दाखवू नये, ऊब लागू देऊ नये. म्हणून दिवाळीनंतर बाटल्या घरातल्या कापसाच्या गंजीत खोल जात. तिथं अंधार होता, गारवा होता. संक्रांतीच्या आत कापूस विकला जाई आणि बाटल्या पाण्याच्या रांजणामागे येत.

नवरा भावसिंग दम्याचा. दम उठला की दोन चमचे. घटकाभरात श्वास मोकळा. दारू त्यानं सहा वर्षांपूर्वीच सोडली होती.

दोन हजार पाचच्या हंगामात कापसाला भाव आला नाही. थांबू, भावसिंग म्हणाला. संक्रांत गेली, होळी गेली. पश्चिमेच्या टिनाच्या भिंतीला टेकलेली गंजी तशीच राहिली. बाटल्या काढायचं रुपीबाईच्या मनात आलं नाही. दरवर्षी त्या कापसाबरोबरच निघत.

चैत्रात, टिन तापू लागलं होतं तेव्हा, तिनं गंजीतून एक बाटली ओढून काढली. मेण सैल होतं. अर्क दोन बोटं कमी.

"काहून जी, तुमाले दमा लागते का तहान?"

भावसिंग हसला. तिचं तोंड पाहून थांबला. "सेवाभायाची आन, बुचालेही हात नाई लावला."

तिला ते पटलं नाही. विहिरीवर ती बोलून गेली. गोष्ट किसनसिंगच्या ओट्यावर पोचली, जिथं तांड्यातले म्हातारे रोज बसत. ते भावसिंगकडं चेष्टेनं एकेक चमचा मागू लागले. तो ओट्यावर जायचा बंद झाला. घरातही फारसं बोलेना.

वैशाखात भर दुपारी त्याला दम उठला. तिनं दोन चमचे दिले. मग आणखी दोन. मुलगा राजकुमार जीप आणतो म्हणाला. तिनं त्याला थांबवलं. हा अर्क कधी चुकला नव्हता. तिसऱ्यांदा चमचा पुढं केला तेव्हा भावसिंगनं तोंड फिरवलं.

"पुरे. पेतो म्हनशीन पुन्हा."

तेव्हा तिनं बाटली नाकाला लावली. मोहाचा वास नव्हता. जिभेवर थेंब टेकवला, चटका नव्हता. नुसतं आंबूस पाणी, तळाशी गाळ.

जीप आली. यवतमाळ यायच्या आधीच त्याची घरघर थांबली.

तेरवीनंतर कापूस गाडीत भरला. गंजी तळाला आली तेव्हा राजकुमारच्या हाताला दुसरी बाटली लागली. वितळून ओघळलेल्या मेणात कापसाचे तंतू रुतून पुन्हा घट्ट झाले होते. दिवाळीपासून तिला कुणाचा हात लागला नव्हता.

रुपीबाईनं ती दाराच्या उजेडात धरली. गळ्याखाली बोटं ठेवून पाहिली. दोन.

तिनं डोईवर पदर घेतला आणि बाटली तशीच, मेणाकापसासकट, हातात घेऊन किसनसिंगच्या ओट्याकडं निघाली.