काडतुसाचा काठ

"काठ बघितला का?" कुणी बंदुकीला हात लावला की हवालदार एवढंच विचारायचे. विचारताना अंगठा तर्जनीवरून हळूच फिरवायचे, जणू काडतूस हातातच आहे.

निजामी राजवटीची शेवटची वर्षं. कळंबकडच्या आमच्या गावाला धाडीची भीती होती. गावात जुनी लष्करी रायफल एकच आणि ती जाणणारे हेही एकच. महायुद्धातून परतलेले, म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत.

डोळे म्हातारे झाले होते. लांबचं दिसे, जवळचं दिसत नसे.

"ताटातलं मीठ दिसंना अन् निघाले गाव राखाया," त्यांची बायको म्हणायची.

"मीठ चाखून कळतंय, बघाय कशाला पायजे?"

काडतुसं ते चाचपूनच भरत. प्रत्येकाच्या बुडाला जाड काठ असतो. वरच्याचा काठ खालच्याच्या पुढं बसला पाहिजे. मागं राहिला की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि गोळी पुढं सरकत नाही. आम्हा तरुणांकडून ते हे शंभरदा करून घेत. माझं नुकतंच लग्न झालेलं. हात चुकला की म्हणत, "घाई घरी कर लेका, हितं न्हाय."

पुढं बोटांनाही कंप सुटला, तेव्हा भरायचं काम त्यांनी कुणाला कळू न देता माझ्याकडं दिलं. त्या दुपारी मी जेवायला घरी निघालो होतो. पाच काडतुसं दाबून बसवली आणि रायफल त्यांच्या हाती दिली.

"काठ बघितला का?"

"व्हय," मी म्हणालो. बघितला नव्हता.

तासाभरात धाड आली. हवालदार वेशीत एकटे उभे राहिले. एक बार झाला. दुसरा झालाच नाही. आम्ही धावत पोचलो तेव्हा ते पडले होते. रायफल मी उचलली. आत दोन काडतुसं काठात काठ अडकून बसली होती.

तेराव्याला गाव जमलं. "नजर गेली होती, भरताना चुकले असतील," कुणीतरी म्हणालं.

तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हेच मानलं असतं. मी मान खाली घालून बसलो होतो.

त्यांची बायको मला वाढत होती. म्हणाली, "कितीदा सांगितलं, बंदूक सोडा. ऐकलं न्हाय. सोताच्या हातानं मेले." त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. लोकांना तेच सांगायची, आणि मी शेजारी असलो तर साक्षीला माझ्याकडं बघायची.

मी मान हलवायचो.