तीस टक्के पाऊस

१७ ऑक्टोबर २०२४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. नंदुरबार स्थानकाचा फलाट. हवा कोरडी, आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण सुरतेकडे जाणारी गाडी बावीस मिनिटे उशिरा आली आणि त्या बावीस मिनिटांत आम्हा तिघांना बोलण्यासारखे काही उरले नव्हते. माय माझ्या बॅगेची चेन उगाच उघडबंद करत होती. आबा, म्हणजे माझे वडील, रुळांकडे पाहत होते. अखेर त्यांनी एक प्रश्न विचारला, तोही मान न वळवता.

"तठे पानी कितलं पडस?"

आपल्या निम्म्याहूनही कमी, मी सांगितले. पर्जन्याच्या हिशेबाने तो प्रदेश वाळवंटातच मोडतो. फक्त वाळूऐवजी बर्फ असतो.

"मंग मोजशी काय तठे? धोंडा?" आबा स्वतःच्याच विनोदावर हसले.

"आते तरी मस्करी नका करा पोरनी," माय म्हणाली आणि चेन एकदाची बंद केली.

म्हसावदची शाळा, शहाद्याचे कॉलेज, पुण्यातील पदव्युत्तर शिक्षण, आणि त्यानंतर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील बेटावरचे हे निरीक्षण केंद्र. कागदावर ही सरळ चढती रेषा दिसते, आणि ती तशी दिसावी यासाठी मी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. मला हवे होते तेच मिळाले, हे आधीच नोंदवून ठेवते. माझ्या वर्गातल्या ज्या मैत्रिणी सुरतेला, नाशिकला किंवा दूर परदेशी गेल्या आणि ज्या म्हसावदलाच राहिल्या, त्या सगळ्यांनाच पुढचे वाचताना मी तक्रार करते आहे असे वाटू नये.

मी पोहोचले आणि पाच दिवसांत सूर्य मावळला. तो फेब्रुवारीच्या मध्यावर उगवणार होता. काळोखाची मला भीती वाटली नाही. वाटली ती एका वेगळ्याच गोष्टीची. इथे कोणी कोणाला हाक मारत नाही. केंद्रावर हिवाळ्यात आम्ही चौघे. प्रत्येकाचे काम ठरलेले, दार बंद, बूट रांगेत. माझे वरिष्ठ सहकारी फिनलंडचे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांची आणि माझी पहिल्या महिन्यातली संभाषणे मी एका पोस्टकार्डावर लिहू शकेन. गावी सकाळी दात घासायला ओट्यावर आले तरी चार जणांना उत्तरे द्यावी लागत. त्याचा तेव्हा संताप येई.

कामाचे स्वरूप सांगते. हवेचे तापमान, दाब, आर्द्रता, वारा हे सगळे यंत्रे आपोआप मोजतात. आमचे काम ती यंत्रे खरे बोलत आहेत ना, हे तपासणे. त्यांच्यावर साचलेला बर्फ खरवडायचा, रोवलेल्या काठ्यांवरून बर्फाची जाडी वाचायची, जमिनीत खोल सोडलेल्या तापमापकांचे आकडे उतरवायचे. ती जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असते आणि हळूहळू कमी गोठू लागली आहे. किती हळू, हेच आम्ही मोजतो. जगभरच्या केंद्रांवर मुख्य निरीक्षणे एकाच क्षणी होतात, जागतिक प्रमाणवेळेनुसार. त्या वेळेचे दुपारचे बारा म्हणजे आमच्या घड्याळात एक, आणि म्हसावदला संध्याकाळचे साडेपाच.

साडेपाचला आबा पथारीवर असतात. मिरची वाळवायच्या उघड्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या मैदानाएवढ्या. आमची शेताच्या कडेची, लहान. पपई आणि ऊस आबा विकून मोकळे होत, पण मिरची ओली विकणे त्यांना आवडत नसे. ती स्वतः वाळवायची. दिवस कलला की ते पथारीत चार ठिकाणी वाकत, एकेक मिरची उचलत आणि बोटांत दुमडत. मोडली तर हवा कोरडी. ताडपत्री घडी करून बाजूला. वाकली तर हवेत ओल आलेली. सगळ्यांना हाका, मिरची गोळा, वर ताडपत्री. लहानपणी हाकेसरशी पुस्तक टाकून धावावे लागे, म्हणून त्या दुमडण्याचा मला राग होता. पुण्यात आर्द्रतामापकाचा धडा शिकले तेव्हा मी हसले होते, आबांचे यंत्र कोणत्या तत्त्वावर चालते हे कळल्याच्या आनंदात. त्यांना ते सांगायचे मात्र राहून गेले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे पाऊस पडला. उणे पंधरा असायला हवे तिथे अधिक दोन, आणि बर्फावर सरळ पाण्याचा पाऊस. मागून थंडी परतली की त्याचा काचेसारखा थर होतो आणि खालची जमीन त्याखाली कोंडून राहते. अशा घटनेची वाट पाहणे हे वैज्ञानिकासाठीही काहीसे लज्जास्पद आहे, पण मी वाट पाहत होते. हातमोजे काढून नमुने भरत असतानाच आबांचा फोन आला.

"ढग शेतस आठे. दोन दिवसमा माल तयार व्हई. पानी येई का, सांग."

मी संगणकाकडे धावले, हवामान-अंदाजाची दोन प्रारूपे उघडली, आकडा वाचला. तीस टक्के.

"म्हंजे?"

म्हणजे न येण्याचीच शक्यता जास्त, मी म्हणाले. बाहेर नमुने गोठत होते. मी आणखी एक वाक्य बोलायला हवे होते: दहा वेळा असे ढग आले तर तीनदा पाऊस पडतो, आणि ज्याची मिरची उघडी आहे त्याने त्या तीन वेळा धरून चालावे. हे वाक्य मला पाठ होते. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहिले होते. मी फोन ठेवला.

पुढचे मला मायने सांगितले, तेही आठ दिवसांनी. शेजारच्या पथारीचे जिभाऊ, आबांचे लहानपणापासूनचे सोबती, ताडपत्री ओढायला निघाले होते. आबांनी त्यांना थांबवले. "ऱ्हाऊ दे. मन्ही पोर सांगस, नही येवाव." दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पाऊस आला आणि तासभर पडला. दोन्ही पथाऱ्या भिजल्या. भिजलेली मिरची काळवंडते, उरलेली पांढरट पडते. तिला फटकी म्हणतात आणि बाजारात तिच्याकडे कोणी पाहत नाही. जिभाऊ भांडले नाहीत. चार लोकांदेखत एवढेच म्हणाले, "बरफमा बठीसन आठला पानी दिखस का रे? तुन्हा डोया फुटेल व्हता का?" त्यानंतर ते आमच्या ओट्यावर बसायला आले नाहीत.

हे सगळे मी सहन केले असते. माय शेवटी जे म्हणाली, ते मात्र सहन झाले नाही. "त्यासनी आदल्या सांजले हात लायेल व्हता. मिरची नरम लागनी. तरी तुन्हंच ऐकं."

म्हणजे निरीक्षण झाले होते. ते अचूक होते. माझ्या आकड्यासाठी त्यांनी ते रद्द केले.

आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फोन येत राहिले: जेवलीस का, तब्येत कशी, पैसे लागतात का. आकाशाविषयी मात्र कधीच काही नाही. जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हाही नाही. आमच्या दोघांत बोलण्याचा तोच तर विषय होता. तो गेल्यावर आम्ही फलाटावरच्यासारखे दोन अनोळखी माणसे उरलो, आणि इथे तर गाडीही यायची नव्हती. मी माफी मागितली. "तुन्ही काय चूक?" ते म्हणाले आणि फोन मायकडे दिला. पुढच्या हंगामात त्यांनी सगळी मिरची ओलीच विकली. घरापुरती तेवढी पथारीवर पडली आणि ती राखायचे काम मायकडे गेले. आबा तिकडे फिरकेनात. त्यांच्या हाताने बघणे माझ्यामुळे बंद झाले होते, आणि ते शिकून घेतलेले दुसरे कोणी घरात नव्हते. मीही नव्हते.

उन्हाळ्यात घरी जाता आले असते. गेले नाही. कामाचे कारण दिले. ते अर्धे खरे होते.

दुसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरमध्ये, मी ठीक प्रमाणवेळेच्या बाराला फोन केला. माफी मागितली नाही. काम सांगितले: आबा, मला आकडा हवा आहे. पथारीतल्या दहा मिरच्या घ्या, दुमडा, किती मोडल्या ते सांगा.

"तुले कसाले?"

माझ्या नोंदीत भरायला.

"तुन्हाकडे यंत्रे नहीत का?"

आहेत, पण म्हसावदला एकही नाही, मी म्हणाले. ते खरेच आहे. सर्वात जवळचे यंत्र आमच्या शेतापासून बरेच दूर आहे.

"मायले इचार," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाराला केला. तिसऱ्या दिवशीही. मायने आकडा सांगितला, तो मी घेतला नाही. निरीक्षक बदलला की मालिका तुटते, असे मी तिला कारण दिले. ती तिकडून ओरडली, "देखा हो, तुमनी पोर मन्हा हातले नही मानस!" मागून आबांचे हसणे ऐकू आले. अकरा महिन्यांनी.

चौथ्या दिवशी ते स्वतः बोलले. "आठ मोडन्यात. दोन जाड व्हत्यात, त्या धरू नको." जाड सालीच्या वगळायच्या, हे मला ठाऊक नव्हते. मी लिहून घेतले.

तेव्हापासून माझ्या वहीत एक जास्तीचा स्तंभ आहे. फिनिश सहकाऱ्यांनी परवा त्यावर बोट ठेवून विचारले, हा काय आहे? आर्द्रता, मी म्हणाले, दुसऱ्या केंद्रावरची. निरीक्षक कोण? माझे वडील. त्यांनी पान थोडा वेळ वाचले आणि विचारले, ते रविवारीही नोंद घेतात का? घेतात, मी म्हणाले. मग ते चांगले निरीक्षक आहेत, असे म्हणून ते बूट घालून बाहेर गेले. त्यांचे इथले सर्वात लांब संभाषण बहुधा हेच.

घर म्हणजे काय, याचे उत्तर मी अनेक वर्षे अंतरात मोजत होते. म्हसावदपासून किती दूर, परतायला किती तास. आता वाटते, ज्या ठिकाणची एखादी गोष्ट मला इथून कळू शकत नाही आणि ती विचारण्यावाचून गत्यंतर नाही, ते घर. सुटी मिळाली की मी जाईन आणि ते दुमडणे शिकेन. एवढे मी आबांना सांगितले आहे. "ये, पन शिकाले टाइम लागस," ते म्हणाले.

आज दुपारी फोन करण्याआधी मी प्रारूपे पाहिली होती. नंदुरबार जिल्ह्यासाठी पाच टक्के; पाऊस जवळजवळ नाहीच. हा आकडा मी मनात ठेवला. आबांनी विचारला असता तर दिला असता, पाच टक्क्यांचा अर्थही नीट समजावला असता. त्यांनी विचारला नाही. पलीकडे ताडपत्री ओढल्याचा खरखर आवाज येत होता आणि कोणीतरी, बहुधा जिभाऊच, "तिकडनं धर ना, म्हातारा!" असे ओरडत होते.

"लिखी ले लवकर, चारच मोडन्यात," आबा म्हणाले. "बाकी नरम शेतस. मी झाकी ऱ्हायनू."

मी प्रमाणवेळ लिहिली, स्थळ लिहिले, निरीक्षकाचे नाव लिहिले. मग आकडा.

दहापैकी चार.