देवीच्या खेळातली पाठमोरी बाई

“तुजी आई दर सालाला थोडी थोडी कमी व्हतीया,” असं बाबा एकदा म्हणाले होते. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. गेलेलं माणूस आणखी कमी कसं होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्या रात्री मी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले, एवढं आठवतं.

अर्थ नंतर कळला. बाबा तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. सातारा-सांगलीकडच्या जत्रांतून तंबू फिरायचा, त्यामागे बाबा फिरायचे, आणि मी पुण्याला आत्याकडे वाढले. आईचं माहेर वाईजवळचं. तिच्या लग्नाआधी तिथल्या घाटावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं आणि गर्दीत उभ्या करायला गावातल्या मुली घेतल्या होत्या. त्यात आई होती. कळशी घेऊन, पाठमोरी, पायऱ्या उतरणारी. अकरा सेकंदं. सिनेमा पडला आणि विसरला गेला. त्याची एकच प्रत उरली होती, ती बाबांच्या तंबूत. फिल्म दरवर्षी आईच्याच जागी तुटायची. तुटली की फाटलेल्या चौकटी कापून टाकायच्या आणि टोकं जोडायची. म्हणून आई कमी होत होती.

माझ्याकडे आईचा लग्नातला एक फोटो आहे. हलणारी आई मला आठवत नाही.

या मार्चमध्ये तंबूच्या मालकीणबाई शालनकाकींचा फोन आला. “यंदा त्या फिल्मचा शेवटचा खेळ हाय बग पोरी. मशीनच्या दिव्याला लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या कुटंच मिळंनात. यायचं आसलं तर ये. पर बगायला मिळंल आसं मी म्हनत न्हाई.”

मी निघाले.

पुण्यातून सकाळी सहाला निघालात तर शिरवळला सव्वासातच्या आत पोचता. कारखान्यांच्या पाळ्या बदलायच्या आत चहा घ्या, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता. एक जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता आणि नायिका विहिरीवर रडत होती. मी सवयीप्रमाणे तिच्या मागे बघत बसले. सिनेमा बघायची माझी ही रीत आहे. नायक-नायिकेला बघणारे पुष्कळ आहेत. मी कडेला उभ्या असलेल्यांना बघते. जुन्या सिनेमात ही माणसं चुकतात. कॅमेऱ्याकडे बघतात, पदर दातात धरून हसतात, एखादी म्हातारी तर रडणाऱ्या नायिकेकडे खरोखरच काळजीने बघत असते. हल्लीच्या सिनेमात गर्दी शिकवून तयार केलेली असते किंवा संगणकावर वाढवलेली. ती चुकत नाही, आणि म्हणून मला ती जिवंत वाटत नाही. हे माझं मत आहे. त्यावरून माझ्या मुलीशी माझं दर रविवारी भांडण होतं.

साताऱ्यात मुक्काम केला. बसस्थानकाजवळ बाराशेला स्वच्छ खोली मिळाली. संध्याकाळी एक नवा भयपट बघितला, नाव घेत नाही. ड्रोनवरून दिसणारं गाव, पिवळट उजेड, आणि दर दहा मिनिटांनी कानठळ्या बसवणारा आवाज. माझ्या मागच्या रांगेत दोन बायका होत्या.

“आगं, भूत यायच्या आदी एवढा दणका कशाला?”

“बेल वाजवतंय. न सांगता कसं यील कुनाच्या घरात?”

मी मोठ्याने हसले. पण त्या बाईने एका वाक्यात नेमकं सांगितलं होतं. मला जुने भयपट आवडतात ते त्यांतल्या भुतांमुळे नाही. ती भुतं कायम पांढऱ्या साडीत आणि गाण्याचा गळा तयार केलेली. भीती वाटते ती कॅमेरा थांबतो तेव्हा. दार उघडं आहे, कोणी येत नाही, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. नव्या दिग्दर्शकांना एवढा वेळ थांबवत नाही. आम्ही बघणारे सिनेमा पुढे ढकलू, अशी त्यांना धास्ती असते. आणि आम्ही ढकलतोच की.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरवरून औंध. रस्ता चांगला आहे, उसाच्या ट्रॉल्या मात्र सांभाळा. यमाईच्या डोंगरावर गाडी बरीच वर जाते, पण मी पायऱ्यांनी चढले. चढताना एक विचार डोक्यात आला तो गेला नाही: आई त्या सिनेमात पायऱ्या उतरते. मी चढते आहे. कुठल्यातरी पायरीवर भेट व्हायला हवी. वर वारा फार होता. मी उगाचच दोनदा मागे बघितलं.

विट्याला दुपारी जेवायला थांबले. भाकरी, आख्खा मसूर आणि खर्डा, दीडशे रुपयांत पोट भरलं. शेजारच्या टेबलावर दोघे होते. सोनं गाळायची दुकानं टाकून इथली माणसं देशभर गेलेली आहेत, आणि जत्रेला न चुकता परततात. त्यातले हे.

“आमच्या तिकडं कोइमतूरला नव्या पिच्चरच्या पोस्टरला दूध वततात गड्या.”

“मग? आपल्यात तर देवीच पिच्चर बगती. कुनाची भक्ती मोठी?”

दोघं हसले. मी हातातला घास खाली ठेवला. मी निघाले होते त्याच गावच्या जत्रेला ते चालले होते.

गावाचं नाव लिहीत नाही. तसं वचन दिलंय. विट्याहून पूर्वेला, पवनचक्क्या संपून माळ सुरू होतो त्या बाजूला आहे, एवढं पुरे. प्रथा अशी: जत्रेच्या पहिल्या दिवशी तंबूतला पहिला खेळ देवीचा. दुपारी चारला मुखवटा पालखीतून आणतात आणि पडद्यासमोर, बायकांच्या बाजूला, पाटावर ठेवतात. मग आत कोणी बसायचं नाही. मशीन सुरू केली की चालवणाऱ्याने अंगावर घोंगडी ओढून खाली बघायचं. गाव दारं लावून घेतं. संध्याकाळचे खेळ आता नव्या प्रोजेक्टरवर होतात, नवे सिनेमे लागतात, पण देवीला तीच जुनी फिल्म. तिला तीच ठाऊक आहे, म्हणतात.

एकच सवलत आहे. फिल्म तुटली तर जोडण्यापुरतं चालवणाऱ्याने बघायचं.

शालनकाकी सत्तरीच्या आहेत. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून गेली सहा वर्षं त्याच मशीन चालवतात. त्यांनी मला जवळ घेतलं. मग म्हणाल्या, “त्यांच्याशी बोल.”

ते म्हणजे सुभेदारकाका, जत्रेचे पंच. फौजेत तीस वर्षं. पाठ अजून ताठ.

“काका, माझी आई आहे त्या फिल्ममध्ये,” मी म्हणाले.

“ठावं हाय, ताई.”

“फक्त तेवढ्यापुरतं आत जाऊ द्या.”

“माझा पोरगा ड्यूटीवर गेला आन परत आला न्हाई. त्याच्या आईनं ह्याच देवीफुडं पोराची ववाळनी मागितली हुती. मिळाली न्हाई. म्हनून आमी देवीचा नियम मोडला का? ऑर्डर म्हंजे ऑर्डर.” मग आवाज उतरवून म्हणाले, “चहा घ्या. लांबून आलाय.”

चार वाजता गाव गप्प झालं. ऊन रणरणत होतं. गुरं आत, कोंबड्या आत, एक दार उघडं नाही. मी आणि सुभेदारकाका शाळेच्या कट्ट्यावर तंबूकडे पाठ करून बसलो. मशीनची घरघर सुरू झाली. मग संगीत. मग माणसांचे आवाज, कोणासाठीच नसलेले. नायक काहीतरी विनोद करत होता आणि तंबूतून हसू येत नव्हतं. प्रेक्षकांशिवायचा विनोद मी पहिल्यांदाच ऐकला. 

अर्ध्या तासाने पाण्याचा आवाज आला. घाट. बायकांची बोलणी, भांड्यांचा खणखणाट. मी श्वास रोखला.

आवाज ओढल्यासारखा झाला आणि तुटला.

मागे न बघता सुभेदारकाका म्हणाले, “झालं. बाईपाशी आलं.”

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मी आयुष्यात शेकडो भयपट पाहिले आहेत. त्या कट्ट्यावरच्या चार-पाच मिनिटांएवढी कशालाच घाबरलेली नाही. मागे वळले असते तर तंबूचं कापड दिसलं असतं, दुसरं काय? पण मी वळले नाही.

“दरवर्षी तिथेच?” मी विचारलं.

“तितंच. लोक म्हनत्यात, देवीला ती बाई पायजे आसती. घेती थोडी थोडी.”

खेळ पुन्हा सुरू झाला आणि संपला. शालनकाकी मूठ झाकून बाहेर आल्या. कापलेल्या चौकटी त्यांनी सुभेदारकाकांच्या हातात ठेवल्या. त्या देवीच्या असतात, मंदिरातल्या पेटीत जातात. हातातून हातात जाताना कसलासा लालसर तुकडा क्षणभर दिसला. जुन्या रंगीत फिल्मचे बाकीचे रंग उडतात, लाल तेवढा राहतो. मग ती मूठही मिटली.

संध्याकाळी नव्या सिनेमाला तंबू भरला. मी शालनकाकींजवळ मशीनपाशी बसले होते. बाहेर पाळणे फिरत होते.

“तुला एक सांगू का?” त्या म्हणाल्या. “ती फिल्म देवी तोडत न्हवती. तुजा बाप तोडायचा.”

मी त्यांच्याकडे वळले.

“घाट आला की सांध्यावर अंगठ्याचं नख लावायचा. तुटल्याबिगर वर बगायची परवानगी न्हवती न्हवं? मी कनातीच्या फटीतनं बगितलंय. जोडायला लागतात दोन मिन्टं, ह्यो धा मिन्टं लावायचा. चौकटी दिव्याफुडं धरून बसायचा. आमच्या मालकास्नी मी कदी बोलले न्हाई.”

बघण्यासाठी तोडायचं, आणि तोडलं की ती कमी व्हायची. बाबांना ते कळत होतं. म्हणून तर त्यांनी मला सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला सांगून टाकलं, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नव्हतं.

“मग आज?” मी विचारलं.

शालनकाकींनी गळ्यातल्या माळेला हात लावला. “मी नख लावलं न्हाई. सहा सालं झाली, एकदाबी लावलं न्हाई. सांदा कच्चा झाला आसंल.” पडद्याकडे बघत म्हणाल्या, “यीस-बावीस चौकटी उरल्या आसतील बग.”

एका सेकंदाला चोवीस लागतात.

“पाठमोरीच आहे ना अजून?” मी विचारलं.

“न्हाई गं. तुज्या बापानं सुरवातीपासनं कापत आणली. आता उरलंय ते शेवटचं. ती वळलीया. कळशी टेकवून सरळ हिकडं बगतीया. माज्याकडंच बगत हुती आज.”

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हायवेने आले, कुठे थांबले नाही, आरशात मात्र फार वेळा बघितलं.

घरी आल्यावर माळ्यावरून बाबांचा तंबाखूचा डबा काढला. ते गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी तो एकदा उघडला होता, फिल्मचे तुकडे बघून धंद्यातला कचरा समजले होते आणि परत ठेवला होता. आता उघडला तर व्हिनेगरसारखा वास आला. जुनी फिल्म नासते तेव्हा असा वास येतो. सगळ्यांत खालचा तुकडा सगळ्यांत जुना. मी ते एकेक करून खिडकीच्या काचेवर चिकटवले. घाट, पायऱ्या, लाल पडलेलं आकाश, आणि पाठमोरी एक बाई, दर तुकड्यात एक पाऊल खाली. सगळ्यांत वरच्या, बाबांनी शेवटी कापलेल्या तुकड्यात तिचा डावा खांदा किंचित फिरला आहे. कानातला डूल दिसतो. गाल दिसत नाही.

मुलगी म्हणाली, “आई, हे स्कॅन करून देते ना, हलताना दिसेल.” तिचं बरोबर आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. पडद्यावर बघायची गोष्ट फोनवर बघू नये हे माझं जुनं मत आहे, आणि इतक्या वर्षांनी आईच्या बाबतीत ते बदलावं असं वाटत नाही. शिवाय खिडकीत ऊन आलं की ती खोलीतल्या भिंतीवर पडते. मी तिथून उठून जाते तेव्हाही ती उतरत असते असं मला वाटत राहतं.

सुभेदारकाका, तुमची नात माझे लेख तुम्हाला वाचून दाखवते असं शालनकाकी म्हणाल्या, म्हणून इथेच लिहिते. माझ्या वडिलांनी देवीच्या वाट्याच्या चौकटी चोरल्या, पेटीसाठी बहुधा दुसरेच तुकडे दिले. त्यांनी घेतलेल्या सगळ्या माझ्याकडे आहेत. काही चिकटल्यात, बाकीच्या धड आहेत. पुढच्या जत्रेला मी डबा घेऊन येते. कार्बनच्या कांड्या कुठून मिळतील ते मी शोधते. शालनकाकी ते आणि पेटीतले गेल्या सहा वर्षांचे तुकडे जोडून देतील आणि आई पहिल्या पायरीपासून वळेपर्यंत देवीला पुरती बघायला मिळेल. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, तुम्ही ते कट्ट्यावर दिलंय, आणि तुमच्या घरातला हिशोब माझ्यापेक्षा जड आहे. तरी विचारते. तेवढी अकरा सेकंदं मला आत, देवीच्या मागे, जमिनीवर बसू द्याल का?