सळयांना घातलेलं पाणी

मंडळी, आज सिरसाळ्याजवळच्या माळावर होतो. पाथरवटांच्या सोसायटीला मूर्तीसाठी बिनभेगेचा काळा दगड हवाय. तो जमिनीखाली कुठंय, ते जमिनीत करंट सोडणारं मशीन लावून बघायचं होतं.

मशीनच्या सळया जमिनीत ठोकल्या, पण माती इतकी कोरडी की करंटच जाईना. अशा वेळी सळईभोवती मिठाचं पाणी ओतावं लागतं. गावात पाणी टँकरचं. कुठल्या तोंडानं मागणार?

सोसायटीच्या चेअरमन कौसाबाईंनी विचारलं, "सायेब, कावून थांबले?"

अडचण सांगितली.

"मंग भांडी धुतलेलं पाणी चालतंय का? मीठ टाकून देतो आमी."

चालतंय काय, पळतंय! घराघरातून बादल्या आल्या. मशीनवर सलग दगड दिसला.

खरं सांगू, लाज वाटली. वीस वर्षं मी सळयांना प्यायचं पाणी घालतोय. मंडळी, तुम्ही आज काय ओतून दिलंत?